हाताची घडी

मामाच्या स्वयंपाकघरात फळीवर एक उतरंड होती. ती धान्याची नव्हती की पाण्याची नव्हती, ती भूकंपाची होती. खाली तांब्या, तांब्यावर पालथं फुलपात्र, त्यावर वाटी आणि सगळ्यात वर मामीचा बिलोलीहून आलेला पितळी पेला, बोटाच्या धक्क्यानं पडेल असा तिरपा ठेवलेला. जमीन हलली की आधी पेला पडणार, फरशीवर ठणठणत फिरणार आणि घरातली माणसं असतील तशी अंगणात पळणार, अशी योजना. मोठा भूकंप होऊन गेला होता, पण त्याची शेपटी अजून वळवळत होती. अधूनमधून एखादा बारका धक्का बसायचाच, त्यामुळे लातुरात तेव्हा घरोघरी अशी काही ना काही कलाकुसर असायची. कुणी बाटली उलटी उभी करून ठेवायचं, कुणी ताटावर ताट. आमच्या उतरंडीचा दोष एवढाच की तिला भूकंप आणि मांजर यांतला फरक कळत नसे. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा अंगणात पळाले. त्यांत तीनदा मांजर होतं आणि एकदा मामीनं खलबत्त्यात शेंगदाणे कुटायला घेतले होते. त्या चौथ्या वेळी मी डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले, तेव्हा कुंपणापलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "नांदेडची पाहुणी लई चपळ हाय." मला हसू आलं आणि ते आवरेना. लाजाळू माणसाला हसू आलं की ते फार वेळ टिकतं, कारण ते बाहेर सोडायची सवय नसते.

दक्षिणेकडच्या गावांत जे झालं होतं त्याबद्दल मात्र घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मामीची एक मैत्रीण तिकडे होती. तिचं नाव निघालं की मामी उठून आत जायची आणि उगाच डबे पुसायची.

मी अकरावीला नांदेडहून लातूरला आले, कारण तेव्हा सगळेच येत होते. मामाच्या गल्लीत किराणा दुकानं दोन आणि क्लास नऊ. चाकूरहून, शिरूर अनंतपाळहून बाप पोराला घेऊन यायचे, पोराच्या डोक्यावर पत्र्याची पेटी आणि बापाच्या खांद्यावर ज्वारीचं पोतं, आणि ते पाट्या वाचत गल्लीतून फिरायचे. मामा गणित शिकवायचा. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस पोरं मांडीला मांडी लावून बसायची. त्यांत मुली सहा, आणि त्या सहांतली सगळ्यात गप्प मी. माझी शाळा इंग्रजी. अकरावीची पुस्तकं इंग्रजीच होती, त्यामुळे पोरं माझ्याकडून उच्चार विचारून घ्यायची. पण वर्गातलं बोलणं मराठीतून चालायचं आणि मराठी आकड्यांशी माझं वैर होतं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, हे तिघे भाऊ मला कधी ओळखू आले नाहीत. मामानं एकदा मला उत्तर विचारलं तेव्हा मी बरोबर सोडवलेलं गणित दहानं चुकवून सांगितलं. चाळीस पोरं हसली. त्यानंतर मी तोंड उघडायचं बंद केलं आणि डोळे उघडे ठेवले. माझं बहुतेक शिक्षण तसंच झालं.

मामाचं लिव्हर खराब होतं. कधीतरी तरुणपणी, बहुधा कसल्याशा इंजेक्शनच्या सुईतून, रक्तातली कावीळ शिरली आणि वर्षानुवर्षं गुपचूप आत बसून राहिली. कळलं तेव्हा लिव्हर आकसलेलं होतं. मामा सुपारीसुद्धा खात नसे. पण लिव्हर म्हटलं की लोकांच्या मनात बाटलीच येते. पालक प्रवेश घ्यायला आले की हळूच त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहायचे. "आळ आलाच आहे," मामा म्हणायचा, "तर एकदा पिऊन तरी बघतो. उगाच फुकटची बदनामी."

त्यावर मामी बघायचीसुद्धा नाही. ती पथ्यात गुंतलेली असायची. काविळीचं म्हणून जे जे पथ्य तिनं माहेरी, सासरी, बसमध्ये आणि देवळात ऐकलं होतं ते सगळं तिनं एकत्र करून मामावर बसवलं होतं. तेल नाही, फोडणी नाही, हळद नाही. वरण जड म्हणून नाही, दूध चिकट म्हणून नाही, शेंगदाणा तर नावालाही नाही. उसाचा रस, तांदळाची पेज, ज्वारीच्या लाह्या, उकडलेला दुधी. दिवेलागणीच्या आत जेवण, मग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत नुसतं पाणी. शिवाय सोमवार, गुरुवार आणि एकादशी, कारण पोटाला विश्रांती. आम्हा दोघींसाठी मामी धपाटे करायची, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. आमटीला फोडणी बसली की बाहेरच्या खोलीत मामा डोळे मिटायचा, जसं कुणी गाण्यात चांगली जागा आली की मिटतं. "आज लसूण जास्त पडलाय," तो तिथूनच सांगायचा. मामी म्हणायची, "नाकानं खाऊ नका हो, त्यानंही वाढतंय."

पथ्याची दुसरी बाजू म्हणजे आराम. मामाला उठू द्यायचं नाही, हे घराचं आणि क्लासचं व्रत होतं. खडू हातात, पाणी हातात, चप्पल पायाशी. सरांनी पेन पाडलं तर पाच पोरांची डोकी एकमेकांवर आपटायची. "सर, तुम्ही बसा, तुम्ही बसा." सरांचा मान म्हणजे सरांना बसवणं. मी आले तेव्हा मामा मला म्हणाला होता, "आशू, तुझी बॅच मी शेवटपर्यंत फळ्यापाशी उभा राहून शिकवणार. उभं राहता येईना तो मास्तर कसला?" श्रावण संपता संपता तो खुर्चीवरून शिकवू लागला. तो सांगायचा आणि पोरं फळ्यावर लिहायची. ही नवी पद्धत आहे, असं त्यानं जाहीर केलं. समोरच्या माडीवर केमिस्ट्रीचे एक सर होते. मामानं हिरवा फळा आणला की त्यांच्याकडे हिरवा फळा, मामानं रविवारी परीक्षा ठेवली की त्यांच्याकडे रविवारी परीक्षा. आठ दिवसांत तेही खुर्चीवर बसले.

वजनाचा मात्र मामीला मोठा आधार होता. दर महिन्याला ती मामाला रिक्षानं एस.टी. स्टँडवर न्यायची. तिथं नाणं टाकलं की दिवे लुकलुकणारं वजनाचं यंत्र होतं. त्यातून जाड पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. ती तिकिटं देवाच्या तसबिरीमागे खोचलेली असायची. "बघ," मामी मला दाखवायची, "एक किलो उतरू दिलं न्हाई मी." आणि खरंच, वजन तेवढंच होतं. भविष्यं मात्र बदलत होती. 'परदेशगमनाचा योग आहे.' 'स्त्रीवर्गापासून सावध राहा.' मामा म्हणायचा, "हे दुसरं जरा उशिरा सांगितलं."

मग तो रविवार आला. दुपारची वेळ, क्लासला सुट्टी. मामा बाहेरच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसून पेपर तपासत होता, मी आणि मामी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. पेला पडला. मांजर समोर दारात झोपलेलं होतं, ते माझ्याआधी उठलं. खालून जड गाडी गेल्यासारखा आवाज आला, तांब्याही पडला, आणि मामीनं माझं मनगट धरून मागच्या दारानं अंगणात धाव घेतली. सगळी गल्ली बाहेर. मी बाहेरच्या खोलीच्या खिडकीकडे वळून पाहिलं. आत मामानं खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे दाबले, चार बोटं वर आला आणि खाली बसला. परत दाबले. या वेळी कोपर थरथरताना मला दिसलं. तो पुन्हा खाली बसला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यानं माझ्याकडे पाहत तोंडावर बोट ठेवलं, जसं वर्गात ठेवतात तसं, आणि पेन उचललं.

"अहो," मामी ओरडली, "बाहेर या."

"थांब गं," आतून शांत आवाज आला, "उत्तर येऊन राहिलंय."

धक्का तोवर थांबलाही होता. पण संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की धरणी हलली तरी सर हलले नाहीत. कुंपणापलीकडची बाई म्हणाली, "असं मन पाहिजे, आमचे तर नुसत्या टॉवेलवर पळाले." पुढच्या आठवड्यात पाच नवे प्रवेश आले. एका बापानं तर येऊन मामाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोराला म्हणाला, "बघ, याला म्हणतात एकाग्रता." मामानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं; पण माझे खांदे हसत होते आणि त्याच वेळी मी खुर्चीपासून दारापर्यंतची पावलं मोजत होते. उद्या पेला पडला, आणि तो बारका धक्का नसला, तर? हे घरात फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यांतल्या एकाला तोंडावर बोट ठेवायला सांगितलेलं होतं.

मी बोलले असते की नाही, सांगता येत नाही. त्या वयात गुपित राखणं हा मला माझा एकमेव गुण वाटायचा. पण दिवाळीसाठी मामीनं मला सलवार-कमीज शिवायला गल्लीच्या टोकाला करीमचाचांकडे पाठवलं. करीमचाचा तीन पिढ्यांचे शिंपी. त्यांच्याकडे मापांची एक जाडजूड वही होती आणि प्रत्येक घराला एक पान. माझं माप मामाच्या पानावरच लिहायला त्यांनी वही उघडली आणि चष्मा वर सारून मला म्हणाले, "बेटी, एक बात पूछूं? मास्टरसाब को क्या हो रा है?"

मी म्हणाले, "बरे आहेत. वजन तेवढंच आहे."

"वजन का मेरेको मालूम नई. ये देखो." त्यांनी बोट ठेवलं. मामाच्या शर्ट-पँटची मापं ओळीनं खाली उतरत आली होती. दर वेळी कंबर वाढत होती. आणि दर वेळी खांदा कमी, दंड कमी, मांडी कमी. "पेट छोड के सब बारीक हो रा. कमर ढीली करो, बाजू तंग करो. मैं सोचा मेरा टेप बिघड गया." त्यांनी टेप मला दाखवली. "नई टेप लाया. फिर भी वही."

मी आयुष्यात बरेच आलेख पाहिले, पण इतका स्पष्ट आलेख पाहिला नाही. मग माझं मलाच आठवायला लागलं. घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत सरकला होता आणि कमरेचा पट्टा तीन भोकं बाहेर. बसलेल्या मामाच्या गळ्याखाली पाण्याची वाटी राहील एवढे खड्डे पडले होते. आम्ही सगळे त्याच्या पोटाकडे पाहून 'तब्येत धरली' म्हणत होतो. मी चाचांकडून कागद मागून घेतला आणि मापं उतरवली. सगळी नाही, आधी नीट होता तेव्हाची एक ओळ, मधली एक आणि शेवटची.

दिवाळीला मामा-मामी मला घेऊन नांदेडला आले. आईनं आधीच एका डॉक्टरबाईंची वेळ घेऊन ठेवली होती. एस.टी.त मामा माझ्या शेजारी बसला. बसच्या पायऱ्या चढताना दोन माणसांनी त्याला वर ओढलं, आणि तो त्यांना म्हणाला, "गुडघा जरा कुरकुरतो." मी खिडकीबाहेर पाहिलं. कागद माझ्या कंपासपेटीत होता.

डॉक्टरबाई वयस्कर, जाड भिंगांच्या, घाईत. त्यांनी रिपोर्ट पाहिले, पोटावर बोटं वाजवून पाहिली, पाय दाबून पाहिले. मामीनं तिकिटांची गड्डी टेबलावर मांडली. "बाई, वर्षभरात एक किलो उतरलं न्हाई." बाईंनी एक तिकीट उलटं करून भविष्य वाचलं आणि मान डोलावली. "छान. पाण्याची गोळी वाढवते, बाकी चालू द्या." त्या लिहायला लागल्या.

आता नाही तर मग कधीच नाही, हे मला कळलं. मी कंपासपेटी उघडली, कर्कटक खाली पडलं, त्याचा आवाज झाला आणि सवयीनं मामी दाराकडे वळली. मी कागद टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"शिंप्याकडची मापं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मला परत सांगावं लागलं. "आणि मामाला खुर्चीतून उठता येत नाही. धक्का बसला तेव्हा तो उठू शकला नाही."

मामानं माझ्याकडे असं पाहिलं की आजही ती नजर आठवली की मी खुर्चीत सरकते. मामी म्हणाली, "काहीतरीच. ते गणित सोडवून राहिले होते."

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग पेन खाली ठेवलं. "सर, हाताची घडी घाला."

"आं?"

"शाळेत घालतात तशी. आणि आता हात न लावता उठा."

हजारो पोरांना हाताची घडी घालायला लावलेल्या माणसानं स्वतः हाताची घडी घातली. पुढे वाकला. पाय फरशीवर घासले. उठला नाही.

"खुर्ची बुटकी आहे," मामा म्हणाला.

बाई स्वतःच्या उंच, गादीच्या खुर्चीवरून उठल्या, ती ओढून आणली आणि मामीच्या मदतीनं मामाला तिच्यावर बसवलं. त्यानं परत घडी घातली, परत वाकला. खुर्चीला चाकं होती. मामा जागेवरच राहिला आणि खुर्ची त्याला घेऊन हळूहळू मागे भिंतीपर्यंत गेली.

मला हसू फुटलं. मी तोंडात ओढणी कोंबली तरी फुटलं. इतकी भयंकर वेळ, मामीचा चेहरा पांढरा, आणि मी हसतेय. मग भिंतीपाशी बसलेला मामाही हसायला लागला, घडी तशीच, पोट हलतंय. "उत्तर आलं, बाई," तो म्हणाला. "शून्य."

बाई हसल्या नाहीत, पण त्या मामीशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांची घाई गेली. "लिव्हर म्हणजे घरातली कोठी समजा. चांगल्या माणसाची कोठी रात्रभर पुरते. यांची कोठी लहान झालीय. संध्याकाळी सहाला जेवले की झोपेतच ती रिकामी होते. मग शरीर काय करतं? स्वतःच्याच मांड्या, स्वतःचे दंड खातं. जेवढं मांस गेलं तेवढं पोटात पाणी आलं, म्हणून काटा हलला नाही. काटा खोटा बोलला नाही, पण त्याला पाणी आणि मांस यांतला फरक कळत नाही." मला आमची उतरंड आठवली.

मामीनं टेबलावरची तिकिटं गोळा केली. मग म्हणाली, "म्हणजे मी यांना उपाशी ठेवलं."

"तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तेच केलंत. काविळीच्या प्रत्येक घरात हेच करतात, मी रोज बघते. आता मी सांगते ते करा." वरण दोन्ही वेळा. उसळ, दही, दूध, शेंगदाणे. मीठ कमी, उसाचा रस बंद, उपास सगळे बंद. दर दोन-तीन तासांनी काहीतरी तोंडात, झोपण्याआधी नक्की, उठल्याबरोबर नक्की. "आणि सर, आराम पुरे. रोज हाताची घडी घालून उठायचं. आधी उशा ठेवून उंच बसा, मग एकेक उशी काढा."

बाहेर आल्यावर मामा मामीचा हात धरून माझ्यापुढून चालू लागला. फाटकापाशी थांबून त्यानं शेंगदाण्याची पुडी घेतली, एक दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग पुडी माझ्यापुढे धरली. "चहाडखोर," तो म्हणाला. "घे."

मामी ज्या कडकपणानं उपाशी ठेवायची त्याच कडकपणानं खाऊ घालू लागली. तिनं गजराचं घड्याळ आणलं. ते दर अडीच तासांनी वाजायचं आणि ती जिथं असेल तिथून वाटी घेऊन धावायची. मुरमुऱ्यांचा सुशिला, भिजवलेले हरभरे, दशमी-दूध, शेंगदाण्याचा लाडू. भर क्लासमध्ये, मामा समीकरण अर्ध्यावर आणत असताना, पडद्यामागून हात यायचा आणि वाटी टेबलावर आपटायची. पोरांना प्रश्न पडायचा की सर गणिताचे आहेत की घास मोजायचे. तसबिरीमागची तिकिटं गेली. त्या जागी करीमचाचांची टेप आली. ते दर महिन्याला स्वतः यायचे, दंडाला टेप लावायचे आणि मामीला म्हणायचे, "भाबी, इस बार आधा सूत." त्या अर्ध्या सुताच्या वाढीवर मामी त्यांना चहा करून द्यायची.

उठ-बस मात्र होईना. पहिल्या दिवशी तीन उशा ठेवूनही एकदाच झाली. एकट्यानं करायला मामाला लाज वाटायची. शेवटी त्यानं पोरांसमोरच ती ठेवली, कारण पोरांसमोर त्याला हरता यायचं नाही. एक उदाहरण सुटलं की एक उठ-बस. पहिल्या दिवशी पोरं खडू, पाणी, हात घेऊन धावली, तर मामा म्हणाला, "खबरदार. जो मला हात देईल त्याला दहा गणितं जास्त." म्हणून पोरांनी मग एवढंच केलं: मोजलं. अख्ख्या वर्गानं एका आवाजात. मामा दात खाऊन, हाताची घडी घालून उठायचा आणि पत्र्याचं शेड दणाणायचं, "एक." पंधरा दिवसांनी चार. महिन्यानं नऊ आणि एक उशी कमी. पोरं उठ-बस पाहायला मिळावी म्हणून गणितं भराभर सोडवू लागली, आणि मामा म्हणायचा की तीस वर्षांत त्याला न सुचलेली शिकवण्याची पद्धत लिव्हरनं शोधून काढली.

समोरच्या माडीवरून हे सगळं दिसत होतं. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तिकडून धप धप आवाज यायला लागला. आम्ही दारात जाऊन वर पाहिलं. केमिस्ट्रीच्या सरांची अख्खी बॅच हाताची घडी घालून उठत-बसत होती आणि सर स्वतः पुढे उभे राहून मोजत होते. खाली एक पालक दुसऱ्याला समजावत होता, "त्यानं मेंदूला रक्त जातं म्हणं. लातूरचं डोकं उगाच चालत न्हाई." मामा खिडकीशी आला, वर पाहिलं आणि बराच वेळ गंभीर राहायचा प्रयत्न केला. "त्यांना एवढंच सांगा कुणीतरी," तो म्हणाला, "की सोबत शेंगदाण्याचा लाडूही लागतो." दुसऱ्या आठवड्यात ते लाडूही वाटू लागले. कुणी सांगितलं ते मी आजही सांगणार नाही.

आता दवाखान्यांत या मांस झिजण्याला वेगळं नाव आहे. मुठीची ताकद मोजायचं यंत्र असतं, भिंतीवर तक्ता असतो, लिव्हरच्या माणसाला पहिल्याच दिवशी खुर्चीतून उठवून पाहतात. माझी पन्नाशी आता जवळ आली. मी रोज सकाळी चहाआधी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसते, हाताची घडी घालते आणि पाच वेळा उठते. घरातले हसतात. त्यांना वाटतं मी देवाचं काहीतरी करते.

फेब्रुवारी संपत आला होता, परीक्षा तोंडावर. मामा आता अर्धा तास फळ्यापाशी उभा राहायचा, मग बसायचा, मग घडी घालून उठायचा. त्याचं लिव्हर बरं झालं नव्हतं, ते होणारही नव्हतं. पण खुर्चीवरच्या उशा संपल्या होत्या. त्या सकाळी मोजणी अठ्ठावीसपर्यंत आली होती आणि मामा नुकताच बसला होता. इतक्यात आत पेला पडला. मागोमाग वाटी, फुलपात्र, तांब्या. एवढं सगळं मांजराकडून कधी झालं नव्हतं. पत्रे खडखडले. पोरं एकमेकांच्या अंगावरून बाहेर गेली. मामी मागच्या दारानं अंगणात आली, तिच्या हातात हरभऱ्याची वाटी तशीच होती.

मी शेडच्या दारात थांबले. मी ठरवून ठेवलं होतं की पुढच्या वेळी पळायचं नाही, आणि मदतही करायची नाही. दोन्ही फार अवघड होतं. आत टेबलापाशी मामा बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. खुर्चीच्या हातांना हात लावले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण चार महिन्यांत त्याच्या अंगाला दुसरी कुठली रीतच उरली नव्हती. त्यानं हाताची घडी घातली, पाय रोवले, पुढे वाकला आणि उठला. तसाच, घडी न सोडता, शिक्षा झालेल्या पोरासारखा, ताठ चालत माझ्या जवळून बाहेर उन्हात आला.

अंगणात मामीच्या वाटीतले हरभरे खाली सांडत होते. सगळी गल्ली कुंपणाशी उभी होती, समोरच्या माडीवरची बॅच जिन्यावर अडकली होती आणि मामा मधोमध हाताची घडी घालून उभा होता, त्याला स्वतःलाच पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

मग एक आवाज आला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि तो माझा होता.

"एकोणतीस."

आणि आकडा बरोबर होता.